मागची बाजू

पुंता देल एस्तेला, समुद्राकाठच्या तंबूत
गालिचा अंथरलाय, आणि गालिच्यावर ती उभी आहे :
आठ सिलिंडर, सन छत्तीस,
अंगावर सायीच्या रंगाचे सात हात,
छप्पर मागे घडी घालून ठेवलेलं,
लग्नानंतर ट्रंकेत गेलेल्या शालूसारखं.

माहितीपुस्तिकेत लिहिलंय : पंचाऐंशी वर्षं एकाच कुटुंबाकडे.
खरं आहे.
लिहिलेलं नाही ते एवढंच, की त्यातली सत्तर वर्षं
तिला मागची बाजू नव्हती.

मी पत्र्याचा माणूस.
एउलोहियो बेन्तांकोर, दुरास्नो. शेवटच्या पानावर, बारीक टायपात.
म्हणून मला कोपऱ्यात उभं राहू दिलंय,
हातात उंच पायाचा ग्लास, नखांत अजून पॉलिश.

लोकरीचा भाव पडला त्या वर्षी
लारोसांच्या थोरल्याने करवत घेतली,
आणि ते मागचं आसन, ती गोल पाठ,
दुपारच्या जेवणाआधी कापून काढली.
जागेवर निलगिरीच्या फळ्यांचा हौदा ठोकला.
मग त्या राजकन्येने मिठाच्या विटा वाहिल्या,
कुंपणाची तार, अडलेल्या मेंढ्या,
एकदा शाळेतल्या बाई, नदी पात्राबाहेर आली होती म्हणून,
एकदा खुद्द थोरला, पेटीत,
भर दिवसा पुढचे दोन्ही दिवे लावून.

मला तीन वर्षं लागली ती पाठ परत आणायला.
हाताशी एकच फोटो. त्यात पाठ अर्धी दिसते,
उरलेल्या अर्ध्यावर कुणा बाईची टोपी.
तेवढी गाडी मी टोपीआडून ओळखली.
लाकडी साच्यावर पत्रा ठोकत राहिलो, ठक ठक ठक,
बायको म्हणायची, सुतारपक्ष्याशी लग्न केलं असतं
तर अधूनमधून उडून तरी गेला असता.

हौदा अंगणात टाकला होता.
त्यात पाणी साचलं, एक कोंबडी बसायला लागली,
भोपळ्याचा वेल आपणहून चढला.

गेल्या मंगळवारी इस्मेनिया लारोसा आली.
शेंडेफळ. म्हणजे आता ब्याऐंशीची.
मी गाडीवरची चादर ओढली आणि
दाद मिळेल म्हणून जरा थांबलो.
तिने वाकून नव्या आसनाचा वास घेतला.
"छान आहे," म्हणाली,
पाहुण्यांच्या पोराला म्हणतात तसं.
मग अंगणात गेली. तिथून हाक आली :
याचे किती?

कशाचे?

याचे. हौद्याचे.

मी म्हटलं, फुकट न्या. ती भडकली.
लारोसा फुकट घेत नाहीत.
घासाघीस उलटीच झाली, ती चढवतेय, मी उतरवतोय,
शेवटी एक चीज, आणि पुढल्या कातरणीचं एक पोतं लोकर.
भोपळा मला ठेवायला सांगितला.

भाच्याच्या ट्रकवर चढवताना
एका फळीवर बोट ठेवून ती थबकली.
चाकूच्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
मेंढ्यांचा हिशेब? मी विचारलं.
नाही, म्हणाली. दादाने मला शाळेत पोचवलं ते दिवस.
आणि मोजले नाहीत. तिला पाठ असावेत.

एकवार, म्हणतो हातोडेवाला.
पांढऱ्या सुटातला गृहस्थ फोन कानाला लावून
कुणाला तरी विचारतो, मान हलवतो.
दोनवार.
आकडा एवढा झालाय की त्याचा आता
कशाशीच संबंध उरलेला नाही,
पत्र्याशी नाही, टोपीशी नाही.
तीनवार.

सगळे टाळ्या वाजवतात. मीही,
एका हातात ग्लास, म्हणून दुसऱ्याने मांडीवर.

अंगणात हौद्याखालचं गवत पिवळं पडलंय,
चौकोनी.
कोंबडी अजून तिथेच जाऊन बसते.