कोयता निवेपर्यंत

मसाकाच्या रस्त्यापासून आत, लाल मातीच्या उतारावर
माझी बाग. बाग म्हणजे काय,
साठेक केळी, आणि त्यांच्या सावलीत घर.
सासू म्हणायची, एका खुंटावर तिघीच ठेव:
आई, मुलगी, नात.
चौथीला माती पुरत नाही.
मी माहेरची चौथी.
मान खाली घालून मुनवे काढत राहायची.

तिने शिकवलेलं सगळं हाताला आहे.
वाळकी पानं उतरवून अंथरायची,
पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर सोंडकिडे घर करतात.
चुलीतली राख आठवड्याला. भांड्यांचं पाणी रोज.
घड झुकला की बेचक्याचा टेकू.

शेवटची फणी सुटली की केळफूल मोडायचं,
तेही काठीने पिळून, कोयता न लावता.
हे मात्र सासूचं नव्हे,
सायकलवरून आलेल्या शेतकी खात्याच्या पोराचं.
मी हसले होते.
फुलाला कसली लोखंडाची भीती?

सेम्वांगाने कोयता मागितला. दिला.
शेजाऱ्याला कोयता नाही म्हणणं
म्हणजे तोंडावर दार लावणं.
परत आला तेव्हा पात्याला नवी धार होती,
सोबत पानात बांधलेलं मीठ.

मग एका सकाळी नाकितेंबेचं एक पान मधूनच मोडलं,
उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं.
घड वेळेआधी पिवळा.
एक केळं चिरलं, आत गंज.
सोपट कापलं तर पिवळं काहीतरी हळूहळू बाहेर आलं,
जखमेतून यावं तसं.

कोयत्याने आणलं की मधमाशीने, कोण सांगणार?
मी मधमाशीवर आळ घेतला.
तिला शेजार नसतो.

त्याच खुंटाखाली नाकायिझाची नाळ आहे.
सुईणीने पुरली, वर पान उपडं घातलं.
पोर उभी राहिली तेव्हा मुनवा तिच्या डोक्याइतका.
मग केळ पुढे गेली,
मग केळीची मुलगी, नात, पणती,
मी मोजणं सोडलं.
नाकायिझा शारजात, दुसऱ्यांच्या सहा खोल्या पुसते.
शुक्रवारी फोन.
तिथली केळी म्हणे सगळी एका मापाची,
अंगावर कागदी टिकली लावलेली.
एकदा पानात गुंडाळून वाफवायला गेली,
पान मिळालं नाही, फडक्यात वाफवली,
गोड लगदा झाला. हसली ती सांगताना.
"माझी केळ कशी आहे?"
"आहे."
"घड?"
"मोठा आहे."
माझ्या नखांत तेव्हा त्याच खुंटाची माती होती.

कंद काढायला दीड दिवस लागला.
तिघींना एकदमच जावं लागतं,
धडधाकट दिसणाऱ्या नातीलासुद्धा.
नाळ काही दिसली नाही.
सव्वीस वर्षांनी काय दिसणार?
तरी मी ओंजळ ओंजळ माती बोटांतून गाळली,
एक फुटकी बशी निघाली, निळ्या काठाची.
ती ठेवली आहे.

सहा महिने तिथे केळ नाही.
घेवडा टोकला.
घेवडा पटकन येतो, कुणाचा कोण ते विचारत नाही.

काल सेम्वांगा पुन्हा कुंपणाशी.
त्याच्याही पाच गेल्या, हे मला ठाऊक होतं.
मला ठाऊक आहे हे त्याला.
"कोयता आहे का?"
मी आत गेले नाही, चुलीशी गेले.
पातं निखाऱ्यांत खुपसलं, त्याच्यादेखत.
तो टोपी हातात फिरवत राहिला.
लाल झालं तेव्हा काढून दगडावर ठेवलं.

उभं किती राहणार?
बसलो दोघं दगडाच्या दोन बाजूंना.
त्याने रस्त्याच्या कामाचं काढलं,
मी त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं.
पातं निळसर, मग नुसतं काळं.
मी बोट ओलं करून टेकवलं.
चर्र झालं.

"अजून नाही," म्हटलं.
"घाई नाही," तो म्हणाला,
आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.