कोपरा

लक्ष्मीपुरीत मुनीर अत्तारच्या रद्दीत
एका गूळ-अडत्याची पोस्टकार्डं आली,
तारेत खोवलेली, सत्तावन्न सालापासूनची.
वजनावर घेतली. साडेतीन किलो.
“ह्येचं काय करतासा?”
“वाचतो,” म्हटलं.
त्यानं काटा परत एकदा बघितला.

प्रत्येक कार्डाला मधोमध भोक.
तार जिथून गेली तिथला शब्द कायमचा गेला.
‘भाव … तर विका.’
चढला तर, की उतरला तर?

पाच पैशांचं, दहाचं, पंधराचं,
लोक कडेपर्यंत लिहायचे,
समासात आडवं, पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी,
आणि पोस्टमनसकट सगळ्या गल्लीला ठाऊक
कुणाच्या रव्यांना पाणी सुटलं,
कुणाची सून माहेरीच राहिलीय.
लपवायचं असतं तर पाकीट घेतलं असतं.

रात्री उशिरा ध्यानात आलं,
साडेतीन किलोत कोपरा फाडलेलं एकही कार्ड नाही.
तसलं घरात ठेवत नसत.
मामा गेल्याचं आलं तेव्हा आईनं ते उंबऱ्याबाहेरच वाचलं,
चार तुकडे केले आणि अंघोळीला गेली.
म्हणजे माझ्या या ट्रंकेत
मेलेलं कुणीच नाही.
सगळे अजून गूळ पाठवतायत.

त्यातलं एक बिद्रीचं, अडुसष्टच्या पौषातलं :
‘रवे साठ पाठविले आहेत. घरी मुलगा झाला.
बाळ-बाळंतीण खुशाल. पट्टी लवकर पाठवावी,
बारशाला लागेल. ज्ञानू तुका फराकटे.’

टपाल कचेरीतल्या बाईंनी खालचा ड्रॉवर उपसला.
“पन्नास पैशाला एक. दहा घ्या, सुट्टे नाहीत.”
त्याच पत्त्यावर लिहिलं : मुलगा कसा आहे?
खाली फोन नंबर. थोडी लाज वाटली.

तीन आठवड्यांनी फोन. मागं ट्रॅक्टर.
“ते पोरगं म्हंजे मीच की ओ!
नातीनं वाचून दावलं, चष्मा गावंना.”
मग बराच वेळ नुसता ट्रॅक्टर.
“आन् ती पट्टी? पाठवली हुती काय त्यांनी?”

मी ट्रंकेकडं बघितलं.
इथं फक्त आलेली कार्डं.
गेलेली सगळी ज्याच्या त्याच्या घरी,
ज्याच्या त्याच्या तारेला.
तसं सांगितलं.

“माळ्यावर हाय एक तार,” तो म्हणाला, “थांबा जरा.”
आणि फोन तसाच ठेवून
शिडी लावायला गेला.