खंडपीठ

सीपीआरसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
माझं टेबल.
पाटीवर सर्किट बेंच,
लोकांच्या तोंडात खंडपीठच.

"पीठ? मग बारीक दळत्यात का?"
आक्काताई घस्तेनं विचारलं.
दळतात बारीक. नंबर लागायला वेळ.

मी टाइप करत होतो :
याचिकाकर्ती, वय बावन्न, हंगामी झाडू कामगार,
एकोणीस वर्षं हंगामीच.
कसला हंगाम, ते कुठल्याच आदेशात नाही.

खाली, प्रतिवादी एक : महाराष्ट्र शासन.
तिनं दोनदा वाचायला लावलं.
"आणि माझं नाव वर?"
वर.
"सरकारच्या?"
कागदावर, हो.

मग अनुच्छेद चौदा.
इथं माझी करंगळी नेहमी चुकते,
'समनता' उमटतं,
काना मागनं घालावा लागतो.

पूर्वी असली बाडं रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायची,
बाडामागनं माणूस, भाकरी बांधून.
ही निघाली रस्ता ओलांडून, चालत,
कागद छातीशी.

फाटकापाशी वाकली,
चपला काढून हातात घेतल्या.
"अहो, आत चपला चालतात!"
मी ओरडलो.
मधनं केएमटी गेली.
ऐकू गेलं का, दिसलं नाही.