सत्त्याण्णव टक्के

तोकामाचीत, बर्फ उपसणाऱ्या यंत्रांच्या आगारात,
रात्री पावणेदोनला मी तेविसाव्या लढाईत
आठव्यांदा हरलो.

रॉकेलच्या शेगडीवर किटली कुरकुरत होती.
तोगाशीसान मोजे वाळत घालत होते, ताणून, नीट,
आणि माझ्या तळहातावर
वीस मजली लोखंडी पुतळा गुडघ्यावर आला,
जांभळा झाला, मग नव्हताच.
दुरुस्तीचं बिल तेवढं उरलं.

हाच खेळ मी अकरा वर्षांचा असताना खेळलोय,
ताकादाला मावशीकडे, ऊबदार मेजाखाली पाय खुपसून.
तेव्हा एकच लाल रोबो पुढे ढकलायचा
आणि संत्रं सोलत बसायचं.
शत्रू रांगेनं यायचे, रांगेनं फुटायचे, फुसके.
मावशी म्हणायची, जिंकलास ना, आता जेव.

आता तोच खेळ कुणीतरी नव्यानं घडवलाय.
तेच चेहरे, त्याच आरोळ्या,
फक्त शत्रूंच्या चिलखताला जाडी आलीय, माझ्या पोटासारखी,
आणि माझ्या तोफांचा जोर वाढतो
आमचा पगार एप्रिलमध्ये वाढतो तेवढाच.
एक पातं परजायचं तर तिजोरी खरवडावी लागते.
नाकी नऊ येतात, आणि मग तीन लढाया मागं जाऊन
शोधत बसायचं, नेमकं कुठं उधळलं.

कोण असेल तो,
कुठल्या कचेरीत, रात्री उशिरा, हे आकडे चढवणारा?
द्वेषानं नसेल केलं.
माझ्याच वयाचा असेल. त्यालाही आता
कुणी जेव म्हणत नसेल.

“रोज काय हरतोस?” तोगाशीसान विचारतात.
मी दाखवतो: नेम लागायची शक्यता, सत्त्याण्णव टक्के.
दाबलं.
हुकलं.
चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ बघतात.
“उरलेल्या तिनात मी एकदा गाडीसकट ओढ्यात गेलो होतो,”
म्हणतात, आणि मोजा उलटा करतात.

मग पडद्याच्या कोपऱ्यात जाडजूड बोट:
“ही बारकी कोण?”
डागडुजीवाली. हत्यार नाही. एका फटक्यात जाते.
“मग तिला पुढं का नेलंस?”
बाकीच्यांना लागलं होतं म्हणून.
यावर ते काहीच बोलत नाहीत.
किटली उतरवतात, चहा ओततात, माझा कप अर्धाच.
“बर्फावर कुणी चालून जातं का?
ते येतं.
आपण पातं लावून उभं राहायचं.”

नवव्यांदा मी कुणालाच हलवलं नाही.
सगळे डोंगराच्या कुशीत, डागडुजीवाली मधोमध.
फेरी संपवली. परत फेरी संपवली.
अंगठ्याला खाज सुटली, तरी संपवली.
आणि ते आले. पहिल्यांदाच
थोडे थोडे आले.

दोन चाळीसला फोन: खिंडीत पंधरा सेंटिमीटर, वाढतंय.
मी खेळ तसाच झोपवला,
तलवार उगारलेली, शत्रू अर्धा वळलेला,
आणि खिशात घातला.
बाहेर पिवळी धूडं पापण्या मिटून ओळीनं उभी होती.
माझं तिसऱ्या किल्लीला जागं झालं.

खिंड, शाळेचा चढ, पूल, परत खिंड.
कोमोरीबाईंच्या दारापुढं यंत्र पोचत नाही;
तिथं तोगाशीसान खाली उतरले, फावडं घेऊन,
अडुसष्टाव्या वर्षी, मार्चमध्ये निवृत्त होणारा माणूस,
आणि मी दिवे रोखून धरले त्यांच्या पाठीवर.
एवढंच करता येत होतं मला तिथून.

सहा वाजता आगारात परतलो. खिशातून काढलं.
काळं. थंडीनं बॅटरी खाल्ली होती.
दोनदा कळ दाबून पाहिली, उगाच.

तोगाशीसाननी न विचारता
शेगडीमागच्या खिळ्यावरची वायर काढून दिली.
खिडकीबाहेर, आम्ही नुकत्याच खरवडलेल्या रस्त्यावर
पुन्हा पांढरं भरत होतं.

“कितवी?”
दहावी, म्हणालो.
त्यांनी मोजे चाचपले. अजून ओलेच.