ऑप्शनला टाकलेलं फुप्फुस

पॅथोचा पेपर गुरुवारी,
आणि परभणीत मे महिना असा
की पुस्तकाची पानं हाताला चिकटून उलटतात.
गिरणीवरच्या अभ्यासिकेत कूलर एकच,
तो मुलांच्या बाजूला.

सीनियरच्या नोट्स, झेरॉक्सची झेरॉक्स.
हृदय अजून ओळखू येतं,
मूत्रपिंडही, राजम्यासारखं.
फुप्फुसाच्या जागी मात्र नुसता काळा डाग.
फरहीन म्हणाली, "फुप्फुस ऑप्शनला टाक गं,
मागच्याच वर्षी येऊन गेलंय."
टाकलं.

संध्याकाळी सहा ते दहा मी मुंदडांच्या मेडिकलवर.
तिथं कुणी ऑप्शनला टाकता येत नाही.
कोणी रिकामी पट्टी दाखवतं, "अशीच द्या,"
कोणी नुसता रंग सांगतं.
आणि लिंबाजी मास्तर येतात,
नवरंग ब्रास बँडचा लाल कोट, वर पितळी गुंड्या,
खाली घरचाच पायजमा.
"दोन द्या, डॉक्टरीणबाई."
तीसची बाटली असते, ते दोनच घेतात.
एक वरातीआधी,
एक वरातीनंतर.
मी कॅप्सूल कागदात बांधते
आणि ते स्टुलावर बसून
ओठ आवळून श्वास सोडतात,
हळू,
गरम चहावर फुंकर घालावी तसा.

मंगळवारी रात्री झोप येईना
म्हणून तो काळा डाग पुस्तकात उघडला.

वायुकोशांच्या भिंती पडतात, लिहिलं होतं.
लहान लहान खोल्यांचा एकच मोठा हॉल होतो
आणि त्या हॉलला काही कामच उरत नाही.
हवा आत जाते.
अडते ती बाहेर येताना.
छाती पिंपासारखी होते.
रुग्ण ओठ आवळून श्वास सोडू लागतो,
कुणी न शिकवता.

इथं मी पेन्सिल खाली ठेवली.
कुणी न शिकवता कसं?
मास्तरांना त्यांच्या मामानं शिकवलेलं,
नवव्या वर्षी, मानवतच्या बाजारात,
आधी रिकाम्या बाटलीवर, मग ट्रम्पेटवर.
पन्नास वर्षं ओठ आवळूनच भाकरी कमावली माणसानं.
आता त्याच ओठांवर
श्वास भागवायचा.
कानामागची विडी पुस्तकातही होती,
कारणांमध्ये, पहिल्या नंबरवर.

बुधवारी खालून वरात गेली.
डीजे नव्हता, बँडच होता.
सूर चढला, चढत गेला
आणि मधेच तुटला.
ढोल वाजतच राहिला.
मग दुसऱ्या कुणीतरी, कोवळ्या कुणीतरी
तो सूर उचलला, जरा बेसूरच.
अभ्यासिकेतल्या पोरांनी खिडकी लावून घेतली.
मी ती ओळ सात वेळा वाचली
आणि सातही वेळा कूलरचाच आवाज ऐकला.

गुरुवारी पेपरात फुप्फुस आलंच नाही.
गाऊट आला, अल्सर आला,
पेशीला झालेली इजा आली:
भरून येणारी आणि न येणारी, फरक सांगा.
तक्ता काढला, रेघा पट्टीनं मारल्या.
बाहेर फरहीन म्हणाली,
"बघ, बोलले होते ना मी?"

संध्याकाळी मास्तर.
कोट नाही, आज तिथी नव्हती.
"पेपर कसा गेला?"
"चांगला गेला."
"मग सांगा आता. ह्यानं बरं होतंय का पार?"

दुपारीच लिहून आले होते मी
तो शब्द, इंग्रजीत, स्पेलिंगसकट.
पण स्टुलावर बसलेल्या माणसाला
तो कसा सांगायचा
हे कुठल्याच युनिटमध्ये नव्हतं.
म्हणाले, "विडी सोडा आधी.
आणि बँडात आता ढोल घ्या, मास्तर."
ते हसले, हसताना खोकले.
"ढोलाला पोरं लई हायेत, बाई.
सूर कोण धरावा?"

मुंदडाशेठ गल्ल्यावर नोटा मोजत होते.
मी दोन कॅप्सूल बांधल्या, मग न विचारता तिसरी,
माझ्या नावावर.
मास्तरांनी ओठ आवळले,
डोळे मिटले,
आणि श्वास सोडायला लागले, लांब.
दोरा हातात धरून
मी थांबले,
सूर येईल म्हणून.