कोणती तीन मिनिटं

लिंगू सुरपामची तबकडी मला इतवारीच्या भंगारात सापडली,
एका फुटक्या समईच्या बुडाखाली.
चाळीस रुपये. घासाघीस केली असती तर तीस.
लेबलवर नाव चुकलेलं:
'लिंबू सुरपान, पुरुष, देहाती गाणे.'

घाटंजीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे,
म्हणजे होतं. आता मोबाइलच्या काचा बदलतो.
जुना चावीचा फोनो तेवढा विकला नाही.

किंगरीला तीन तारा, घोड्याच्या शेपटीच्या.
घोडा पांढरा पाहिजे आणि जिवंत,
म्हणून घाटंजीचे टांगेवाले
लिंगू दिसला की घोड्याच्या मागे जाऊन उभे राहत.
बकरीचं कातडं तो उन्हात ताणायचा,
टिचकी मारून बघायचा,
म्हणायचा, कच्चं हाये, अजून रडत नाई.

गोंडांच्या अंगणात त्यानं कथा लावली
की मोहाची मडकी रिती व्हायची,
लेकरं झोपून पुन्हा उठायची,
आणि कथेतला राजा
तेव्हा कुठे नदीपाशी पोचलेला असायचा.

एकतीस साली कापसाच्या बंडीवर बसून यवतमाळ,
तिथून छोटी गाडी, मूर्तिजापूरला मोठी.
सोबत बायको, झील धरायला.
नागपुरात कंपनीचा माणूस म्हणाला,
तीन मिनिटं. त्याच्या वर मेण पुरत नाही.
लिंगूनं विचारलं, 'कोनते तीन?'

अकरा रुपये मिळाले.
येताना त्यानं एक कंदील घेतला, आणि बाकीचे
काय केले ते कुणालाच माहीत नाही.
गाणं गावात परत आलंच नाही,
कारण तबकडी वाजवायला गावात काही नव्हतं,
आणि तो असेपर्यंत कुणाला गरजही नव्हती.

मी फोनो मोटरसायकलला बांधून
त्याच्या लेकीकडे नेला. मानकुबाई. नव्वदीच्या पुढची.
गोंडी मला येत नाही. मी सुईकडे बघत बसलो.
खरखर, मग तो आवाज,
ओल्या लाकडाला करवत लावावी तसा,
आणि मधेच काहीतरी किणकिणलं.
मला वाटलं, तबकडीला चीर आहे.

ती म्हणाली, 'थांब. माह्या मायच्या बांगड्या होत थ्या.
सायेब काढ म्हने, तिनं नाई काढल्या.'
मग पदरानं नाक पुसून,
'मी बी हाये त्यात. पोटात होती.'

लेबलवर दोघींचंही नाव नाही.

राजा नदीच्या काठावर उभा असतानाच गाणं तुटतं.
मी विचारलं, पुढे गेला का तो?
तिनं तंबाखू मळली, चुना झटकला.
'गेला असंन. पानी उतरलं असंन.'

मग दुसरी बाजू लाव म्हणाली.
दुसऱ्या बाजूला भलताच कुणी
तोंडानं आगगाडीची नक्कल करतो:
शिट्टी, रूळ, पूल, फलाटावरचा चहावाला.
म्हातारी पोट धरधरून हसली.

मी फोनो आवरायला घेतला
तर माझ्या हातावर चापट मारली.
'थेच लाव. गाडीवालं.'