दुसरा हात

रंगाचा ठेकेदार दारातूनच बघून गेला,
चपलासुद्धा काढल्या नाहीत.
"एवढ्याशा न्हाणीघरासाठी माणूस अडकवायचा
म्हणजे नऊ हजार. लांबी वेगळी."

म्हणून मीच. शनिवारी गालांच्या दुकानातून
पत्रा, तारेचा ब्रश, ऐंशी नंबरचा कागद,
लिटरभर प्रायमर, बुरशीवरची पावडर.
गालाशेठ सुटे मोजत म्हणाले,
"ताई, भिंत सुकली का ते भिंतीला विचारा,
घड्याळाला नको."

विक्रोळीत, खाडीच्या या अंगाला,
कुठलीच भिंत आपणहून सुकत नाही.
वरच्या निमकरांनी पाइप बदलला खरा,
तीन वर्षं "बघतो" म्हणून झाल्यावर,
पण आत मुरलेलं पाणी आमचंच.
दुधाची पिशवी कापून, धुऊन
चिकटपट्टीने भिंतीला लावली, रात्रभर.
सकाळी तिला आतून घाम.
दुसऱ्या दिवशी पंखा लावला, हॉलमधून वायर ओढून.
पुन्हा घाम, पण कमी.
चौथ्या सकाळी पिशवी कोरडी.

तोवर बाबांची आंघोळ नाही.
शेजारच्या सावर्डेकरांकडे जायला तयार नाहीत:
"लोकांच्या मोरीत मी कपडे काढू?"
ओल्या पंचाने अंग पुसतात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात,
आणि सगळ्याचा हिशेब ठेवतात. बत्तीस वर्षं
कारखान्याच्या फाटकावर दुसऱ्यांच्या वेळा लिहिलेला माणूस.
"आज तू साडेनऊला लागलीस."

फरशीच्या वर, खांद्यापासून छतापर्यंत
ऑइलपेंट पापडासारखा सुटला.
त्याखाली निळा, तोही धड निळा नाही,
त्याखाली चुना.
आणि चुन्यावर, गिझरच्या उजवीकडे,
शिसपेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:

३ दिवस ४५
उचल ३३
बाकी १२

मी तोंडावरचा रुमाल खाली केला.
"बाबा, रंगाऱ्याचे बारा रुपये राहिलेत."

हॉलमधून काहीच नाही. पंखा.
मग: "दिले."
मग बराच वेळ पत्र्याचा आवाज, माझाच.
मग, कोणी विचारलं नसताना:
"दोन हात ठरले होते. वरती त्यानं एकच मारला.
मला काय दिसत नव्हतं?"
"म्हणजे नाही दिले."
"दत्ताराम होता. रोह्याचा की माणगावचा.
पंचा दे माझा."

रात्री, भाकरी मोडताना, ताटाकडे बघत:
"नंतर तो आलाच नाही.
आला असता तर दिले असते."
मी आमटी वाढली.

लांबी भरायची तर पातळ थरात, खालून वर,
पट्टी थोडी तिरपी धरून.
हे मला दुपारी कळलं, सकाळची सगळी खरवडल्यावर.
आकड्यांची जागा शेवटाला ठेवली होती.
तिथे पोचले तेव्हा मनगट भरून आलं होतं
आणि घमेल्यात उरलेलं घट्ट व्हायला लागलं होतं.
दोन वेळा पट्टी ओढली.
उचल गेली, बाकी गेली,
पंचेचाळीसमधला पाच थोडा दिसत राहिला,
तो प्रायमरखाली गेला.

आज रविवार. पहिला हात सकाळी दिला, फिका पिस्ता.
चार तास थांबायचं, असं डब्यावर लिहिलंय;
आम्ही सहा थांबलो. बाबांनी वेळ लिहून ठेवली होती
वीजबिलाच्या पाठीवर.
आता दुसरा.
ते काठी टेकत दारापर्यंत आलेत.
वासाने शिंकतात, तरी हटत नाहीत.
"झालं की. गिझरच्या मागे कोण बघतंय?"

"स्टूल धरा," मी म्हणते.

मी चढते. कोपरापर्यंत हात घालून
त्या बोळकांडीत ब्रश फिरवते,
जिथे पालच जाईल फक्त.
बाबा स्टूल धरतात, एका हाताने,
काठी काखेत.
दुसरा हात भिंतीला टेकलेला,
जिथला रंग अजून ओला आहे.